दार उघड, चिऊताई: शेणामेणाच्या दोन घरांचे मांडणशिल्प, टप्प्याटप्प्याने

चिऊकाऊच्या गोष्टीवर शाळेत, ग्रंथालयात किंवा बालमहोत्सवात काहीतरी उभारायचे ठरले की पहिल्याच बैठकीत चिमणीचा आकार, कावळ्याचा रंग आणि मागे लावायचे ढग यांवर चर्चा सुरू होते, आणि काम तिथेच चुकते. जे तयार होते तो देखावा असतो. लोक दोरीच्या अलीकडून तो बघतात, छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. मांडणशिल्पात बघणारा आत शिरतो आणि त्याला अंगाने काहीतरी करावे लागते. वाकावे लागते, ताटकळावे लागते, हाक मारावी लागते. चिऊकाऊच्या गोष्टीत हे सारे आयतेच आहे, कारण ती गोष्ट मुळात एका बंद दाराची आहे. म्हणून या लेखातला कामाचा क्रमही दारापासून सुरू होतो. घरे नंतर येतात आणि पक्षी तर येतच नाहीत.

खाली दिलेली मापे शाळेच्या अंगणात दहा दिवस टिकणाऱ्या मांडणीची आहेत. जागा साधारण ५ मीटर × ४ मीटर, हाताशी पाच-सहा माणसे आणि तयारीला सहा आठवडे, असा हिशेब धरला आहे. दोन आठवड्यांत हे होत नाही, कारण शेणाचे काम वाळण्याच्या गतीने चालते आणि वाळणे आपल्या हातात नसते.

टप्पा १: गोष्टीतली एकच क्रिया निवडा

कागदावर एकच वाक्य लिहावे आणि ते कामाच्या जागी भिंतीवर चिकटवावे. आमचे वाक्य असे होते: "पावसात सापडलेला माणूस वळचणीला उभा राहून दार वाजवतो, आणि आतला माणूस त्याला थांबवतो." पुढच्या प्रत्येक निर्णयाच्या वेळी, म्हणजे दिवा लावायचा का, रंग द्यायचा का, अमक्याने देऊ केलेली चिमणीची मूर्ती ठेवायची का, असा प्रश्न आला की या वाक्याकडे बघावे. वाक्यात जे नाही ते आणू नये.

गोष्ट घराघरांत वेगळी सांगितली जाते. कुठे काऊला तव्याचा चटका बसतो, तर कुठे तो कोठीत बसून कुडुमकुडुम दाणे खातो. शेवटांच्या या भांडणात न पडता मांडणी दार उघडण्याच्या क्षणाशी थांबवावी. चिऊची उत्तरे मात्र आपल्या गावातलीच घ्यावीत. चार-पाच आजींना गोष्ट सांगायला लावून ती जशीच्या तशी लिहून काढावी. "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते," "थांब, माझ्या बाळाचं अंग पुसते," "थांब, माझ्या बाळाला तीट लावते" यांचा क्रम आणि मधली उत्तरे प्रत्येकीची निराळी निघतात. त्यांतली पाच निवडावीत. पाच उत्तरांना सुमारे एक मिनिट लागते. दारात उभ्या असलेल्या माणसाला ते मिनिट लांब वाटते आणि मागची रांग मात्र त्यात वैतागत नाही.

आता या मांडणीची खरी गुरुकिल्ली. बाहेर काऊ झालेला माणूस आत आला की तो चिऊ होतो. दार उघडायची दोरी त्याच्या हातात येते आणि पुढच्याला किती थांबवायचे हे तो ठरवतो. त्या पुढच्यासाठी दार उघडून झाले की तो मागच्या बाजूने बाहेर पडतो. आमच्या पहिल्या प्रयत्नात दाराला माणसाची चाहूल घेणारा सेन्सर बसवला होता. माणूस जवळ गेला की दार आपोआप उघडायचे, सगळ्यांना त्याचे कौतुक वाटले आणि कोणीही क्षणभर थांबले नाही. गोष्टच नाहीशी झाली. दोरी ओढणारा हात माणसाचाच हवा.

> तपासणी: आपले वाक्य मांडणीत नसलेल्या एखाद्याला वाचून दाखवावे आणि "तू कुठे उभा असशील?" असे विचारावे. त्याला सांगता आले नाही तर वाक्य अजून तयार नाही.

टप्पा २: ऋतू, जागा आणि परवानगी

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा काळ सर्वांत बरा. पावसाळ्यात शेण वाळत नाही. मार्चनंतर मेण दगा देते. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे "आपल्याकडे तेवढी उष्णता कुठे असते" असे वाटू शकते. पण मेण वितळण्याच्या बरेच आधी मऊ पडते, आणि उन्हात तापलेला पत्रा किंवा फरशी हवेच्या तापमानापेक्षा कितीतरी गरम असते. एका शाळेच्या अंगणात एप्रिलमध्ये उभारलेल्या घराची पश्चिमेकडची भिंत दुपारी दोनपर्यंत पोटासारखी पुढे आली होती. विदर्भात हे घर फेब्रुवारीतसुद्धा सावलीतच उभारावे.

जागा निवडताना चार गोष्टी बघाव्यात: दुपारची सावली, पाण्याचा नळ, पाणी वाहून जाण्याचा उतार आणि मागच्या बाजूने बाहेर पडण्याची मोकळी वाट. संस्थेची परवानगी लेखी घ्यावी आणि तीत "शेण, मेण, पाणी, वीज" हे चारही शब्द स्पष्ट असावेत. ऐनवेळी आक्षेप यांवरच येतात.

> सावध: मेणात भिजवलेले कापड म्हणजे मेणबत्तीची मोठी वात असते. बंद सभागृहात या कापडाचे घर उभारू नये. सभागृहाशिवाय दुसरी जागाच नसेल तर मेण फक्त दाराच्या फळीवर द्यावे आणि बाकीच्या भिंती साध्या प्लायच्या कराव्यात.

टप्पा ३: आधी पुठ्ठ्याचे दार

एकही बांबू विकत घेण्यापूर्वी शीतकपाटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून खऱ्या मापाचे दार कापून दोन खुर्च्यांना बांधावे. रुंदी ९० सेंटीमीटर, उंची १४० सेंटीमीटर. या उंचीला पाच वर्षांचे मूल ताठ आत जाते, मोठ्या माणसाला वाकावे लागते आणि चाकाची खुर्चीही बसते. पहिल्यांदा आम्ही उंची १२० ठेवली होती. ती दिसायला अधिक गोजिरी होती, पण खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोके चौकटीला आपटले असते. दारापुढची वळचण १२० सेंटीमीटर खोल हवी. त्याहून कमी असेल तर खुर्ची पावसात राहते.

या पुठ्ठ्याच्या दाराशी दहा जणांकडून सगळा प्रसंग करवून घ्यावा. त्यांत तीन तरी लहान मुले आणि एक तरी आजी-आजोबांच्या वयाचे माणूस असावे. बाहेरच्याने कडी वाजवावी आणि "चिऊताई, चिऊताई, दार उघड" म्हणावे, तर आतल्याने लिहिलेली उत्तरे वाचावीत. या अर्ध्या तासात जे कळते ते आराखड्यावर कधीच दिसत नाही. आमच्याकडे उत्तरे दाराच्या उजवीकडे चिकटवली होती आणि दोरीही उजवीकडेच होती, त्यामुळे दोरी धरणाऱ्याचा हात नेमका मजकुरावर यायचा. मग उत्तरे डावीकडे, जमिनीपासून ९५ सेंटीमीटरवर आणली. वाचता न येणाऱ्या मुलांची अडचण होईल असे वाटले होते, पण ती उत्तरे त्यांना पाठच असतात. अडतात ती मोठी माणसे.

ध्वनिमुद्रित आवाजाचा मोह इथे होतो. तो टाळावा. लाउडस्पीकरमधून चिऊ बोलू लागली की आतला माणूस नुसता श्रोता होतो.

रांगेचा हिशेबही याच वेळी मांडावा. दोन-दोन जणांचा गट धरला आणि प्रत्येक गटाला दोन मिनिटे लागली, तर तासाला तीस गट म्हणजे साठ माणसे होतात. चारशे मुलांच्या शाळेला जवळजवळ सात तास, म्हणजे दोन दिवस लागतात. मुख्याध्यापकांना हे आधीच सांगावे, नाहीतर एका तासिकेत तीन वर्ग पाठवले जातात.

> तपासणी: दाराच्या आसपास ८ ते २५ मिलीमीटरची फट ठेवू नये, तीत बोट अडकते. ९ ते २३ सेंटीमीटरच्या मोकळ्या जागेत लहान मुलाचे डोके अडकते. बिजागरीच्या बाजूला सलग कापडी पट्टी ठोकावी.

टप्पा ४: शेणाच्या आणि मेणाच्या चाचण्या

चुका सर्वाधिक होतात त्या इथे, कारण हा टप्पा बहुतेक जण गाळतातच. उभारणीच्या निदान चार आठवडे आधी चाचण्या सुरू व्हायला हव्यात.

शेणाबद्दलचा एक गैरसमज गोष्टीनेच रुजवला आहे. पाऊस आला की शेणाचे घर वाहून जाते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पेंढा घालून नीट तुडवलेला गारा, म्हणजे शेणमातीचा चिखल, आणि वर दोन हात सारवण असलेली कुडाची (काठ्या विणून केलेली) भिंत मात्र एवढ्या-तेवढ्या पाण्याला दाद देत नाही. आम्ही पहिली भिंत गावातल्या जाणत्या बाईंकडून लिंपून घेतली आणि कृत्रिम पाऊस सुरू केला. चार दिवस भिंत तशीच होती, फक्त रंग गडद झाला. म्हणून दोन वेगळी मिश्रणे लागतात. टिकाऊ भिंतीसाठी चाळलेली चिकण माती दोन भाग, ताजे शेण एक भाग आणि बोटभर लांबीचा भाताचा पेंढा अर्धा भाग घ्यावा. भिंतीतल्या खिडकीत रोज नवी बसवायच्या, पावसात वाहून जाणाऱ्या फळ्यांसाठी पेंढा वगळून माती तीन भाग, शेण एक भाग आणि बारीक वाळू एक भाग घ्यावी. हे प्रमाण फक्त सुरुवातीसाठी आहे. प्रत्येक गावची माती निराळी असते, त्यामुळे वीतभर चौरसाचे सहा तरी तुकडे करून, वाळवून, झारीने पाणी घालून बघावे.

मेणासाठी मांजरपाट घ्यावे आणि आधी गरम पाण्यात धुऊन त्यातली खळ काढावी. खळ राहिली तर मेण आत मुरत नाही, पृष्ठभागावर पापुद्र्यासारखे बसते आणि पहिल्याच घडीला गळून पडते. नुसते पॅराफिन थंडीत तडकते. नुसते मधमाशीचे मेण महाग पडते, आणि त्यात मधाचा अंश राहिला असेल तर मुंग्या व माश्या येतात. निम्मे-निम्मे मिश्रण चांगले चालते. आमच्या चाचणीत चौरस मीटरला ३०० ते ४०० ग्रॅम मेण लागले. घराचे कापड सुमारे ११ चौरस मीटर असल्याने साडेतीन ते साडेचार किलो मेण पुरते, तरी गळती धरून सहा किलो आणावे.

> तपासणी: मेणाचा नमुना तुकडा ज्या जागी घर उभे राहणार त्याच जागी, दुपारी बारा ते चार टांगून ठेवावा आणि खालच्या टोकाला चिमट्याने दोनशे ग्रॅमचे वजन लावावे. तुकडा एक सेंटीमीटरपेक्षा जास्त ताणला गेला तर जागा बदलावी.

टप्पा ५: सांगाडा

चिऊच्या घराचा तळ १.८ मीटर × १.८ मीटर, भिंतीची उंची १.५ मीटर आणि आढे २.१ मीटरवर. भिंती तीनच, मागची बाजू पूर्ण उघडी. ही सवलत नव्हे, सुरक्षेची अट आहे: आतल्या माणसाला कोणत्याही क्षणी दाराशी न जाता बाहेर पडता आले पाहिजे. काऊच्या घराला दोनच भिंती काटकोनात असाव्यात, छप्पर नको.

बांबू सुका आणि भरीव घ्यावा; कोकणात मिळणारा माणगा उत्तम. भोक पाडायचे तर पेऱ्यालगत पाडावे, दोन पेऱ्यांच्या मध्ये पाडले की बांबू उभा चिरतो. जोड काथ्याने बांधावेत. काथ्या भिजवून बांधला की वाळताना आवळतो, सुतळी मात्र दोन दिवसांत ढिली पडते. अंगणाला खड्डे घ्यायचे नसतील तर प्रत्येक खांबाच्या पायाशी वाळूचे एक-एक पोते आणि खांबांच्या तळाला जोडणारी आडवी चौकट पुरते.

वळचणीसाठी पन्हाळीचा पत्रा घ्यावा. तो मेणाच्या छपरापासून वेगळ्या खांबांवर उभा करावा. पत्र्याला कापड टेकले की ऊन लागताच मेण निघते. पत्र्याच्या कडेने बोटे कापतात, म्हणून उभा चिरलेला पाण्याचा पाइप कडेवर चढवावा. मात्र पाणी पडते ती पुढची कड नुसती आत दुमडावी.

दाराला आतून अडसर हवा, पण तो हलका. बांबूची कामटी एका टोकाशी खिळ्यावर फिरती ठेवावी, दुसऱ्या टोकाला दोरी बांधून ती छोट्या कप्पीवरून आतल्या माणसाच्या हातापर्यंत आणावी. दोरी ओढली की कामटी उचलली जाते, सोडली की आपल्या वजनाने खाली येते. कुलूप, चुंबकीय पट्टी, वीज यांतले काहीही दाराला लावू नये.

> तपासणी: एका मोठ्या माणसाने आढ्याला दोन्ही हातांनी धरून हलवावे. मुले लोंबकळणारच आहेत, त्याची तयारी आताच झालेली बरी.

टप्पा ६: काऊचे घर

कुडासाठी कारवीच्या काठ्या घ्याव्यात. जंगलातून परस्पर तोडून आणू नयेत, बाजारात विकत मिळतात. मराठवाड्यात आणि विदर्भात तुरीच्या तुराट्या किंवा कापसाच्या पऱ्हाट्या त्याच कामाला चालतात, आणि तिथल्या मुलांना त्याच ओळखीच्या असतात. तीन चौरस मीटर भिंत आणि ४५ सेंटीमीटर × ६० सेंटीमीटरच्या बारा फळ्या यांना मिळून सुमारे १४० लिटर गारा लागतो. त्यात शेण साधारण ३५ लिटर. वीस लिटरच्या दोन बादल्या सांगितल्या तर पुरतात, तीन सांगितल्या तर धाकधूक राहत नाही.

कामाचा क्रम असा ठेवावा. पेंढ्याचा गारा दोन दिवस ओल्या पोत्याखाली मुरू द्यावा. तिसऱ्या दिवशी पायांनी तुडवून एकजीव करावा. हाताने कालवलेल्या गाऱ्यात गुठळ्या राहतात. पहिला थर कुडावर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दाबावा, म्हणजे काठ्यांच्या फटीतून तो एकमेकांना धरतो. थर बोटभर जाडीचा असावा. त्याला भेगा पडू द्याव्यात, त्या बुजवायची घाई करू नये. तीन-चार दिवसांनी भेगांत पातळ गारा भरावा आणि त्यानंतर हाताने अर्धवर्तुळाकार सारवण द्यावे. सारवण देणाऱ्या हाताच्या खुणा पुसू नयेत. एक थोराड तळहात दारापासून कोपऱ्यापर्यंत फिरत गेलेला दिसतो तेव्हा मुले आपला हात आपणहून त्याच्यावर ठेवून बघतात.

ओल्या भिंतीचे वजन चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास भरते, म्हणून एका दिवसात पूर्ण भिंत लिंपू नये.

वाहून जाणाऱ्या फळ्या वेगळ्या कराव्यात. कामटीच्या चौकटीत कुड विणून त्यावर दुसरे मिश्रण दोन सेंटीमीटर जाडीने थापावे. दहा दिवसांच्या दहा आणि दोन जादा. भिंतीतल्या खिडकीत रोज सकाळी नवी फळी बसते आणि संध्याकाळपर्यंत तिच्यामागच्या काठ्या उघड्या पडतात. सकाळी आलेल्या मुलाला भिंत दिसते, दुपारी आलेल्याला खिंडार. त्या दोघांनी नंतर एकमेकांशी वाद घातलेला मी ऐकला आहे.

> सावध: शेणमातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. हातापायाला जखम असलेल्याने गारा तुडवू नये, बाकीच्यांनी धनुर्वाताची लस घेतलेली असावी. मुलांना ओल्या गाऱ्यात हात घालू देऊ नये. वाळलेल्या भिंतीला हात लावला तरी बाहेर पडताना साबण आणि पाणी समोरच असावे.

शेण वाळले की वास जातो. दमट हवेत, विशेषतः मुंबईत आणि किनाऱ्यावर, आठवडाभरात भिंतीवर पांढरी बुरशी दिसू लागते. मागच्या बाजूने चुन्याचा पातळ हात दिला की ती आटोक्यात राहते. हे काम हातमोजे घालूनच करावे.

टप्पा ७: पाऊस

नळीला भोके पाडून पाऊस करण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. ती भोके दोन दिवसांत बुजतात. त्यापेक्षा वळचणीच्या पत्र्यावर वरच्या कडेला पाणी सोडावे. पत्र्याच्या पन्हाळी साधारण ७६ मिलीमीटर अंतरावर असतात, त्यामुळे १.८ मीटर रुंदीच्या पत्र्यावरून तेवीस-चोवीस सारख्या धारा खाली पडतात. पाण्याचा पडदा तयार होतो आणि पत्र्यावरचा आवाजही मिळतो. हा आवाज माझ्या मते निम्मे मांडणशिल्प आहे. दाराशी उभ्या असलेल्याच्या पाठीमागे पाणी पडत असते, पुढे बंद दार असते आणि डोक्यावर पत्रा वाजत असतो.

वळचणीच्या एका कोपऱ्याशी काऊच्या भिंतीतली खिडकी यावी अशी रचना करावी, म्हणजे वीसेक धारांपैकी दोन-तीन फळीवर पडतात. पंप १२ व्होल्टचा, तासाला पाचशे लिटर उपसणारा पुरतो. टाकी म्हणून २०० लिटरचा ड्रम झाकण लावून ठेवावा. अर्ध्या तासातून सहा मिनिटे पाऊस पाडला तर एका सरीला पन्नास लिटर पाणी फिरते आणि त्यातले सहा-सात लिटर फळीवर जाते.

फळीवरून आलेले पाणी परत ड्रममध्ये जाता कामा नये, ही या टप्प्यातली एकमेव महत्त्वाची गोष्ट आहे. गाऱ्याचे पाणी पंपात गेले की चाळणी भरते, पंप तापतो आणि उद्घाटनाच्या दिवशी पाऊस थांबतो. म्हणून ताडपत्रीचे दोन वेगळे हौद करावेत: स्वच्छ धारांचा मोठा, त्यातून ड्रमकडे उतार, फळीखालचा छोटा, त्यातून थेट झाडांच्या वाफ्याकडे. आठ तासांच्या दिवसाला सोळा सरी धरल्या तर वाफ्याकडे शंभर लिटरच्या आसपास पाणी जाते, तेवढे रोज सकाळी ड्रममध्ये भरावे लागते.

> सावध: पंपाचा विद्युतपुरवठा ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून (वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून) घ्यावा. रूपांतरक पाण्यापासून दूर आणि जमिनीपासून मीटरभर उंच असावा. तार खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळातच गळते. दर आठवड्याला कोरडा दिवस पाळून ड्रम व हौद पूर्ण रिकामे करावेत, नाहीतर डासांची सोय होते.

टप्पा ८: चिऊचे घर सर्वांत शेवटी

मेणाचे घर दिसायला देखणे असल्याने सगळ्यांना ते आधी करायचे असते. आधी केले तर गाऱ्याचे शिंतोडे त्यावर उडतात, आणि मेणावरचा शेणाचा डाग निघत नाही. शेणकाम आणि पाऊस दोन्ही पूर्ण झाल्यावरच मेण तापवायला घ्यावे.

मेण थेट आचेवर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचे दुसरे पातेले, खाली इंडक्शनची शेगडी. शेजारी घट्ट बसणारे झाकण हाताशी असावे: मेण पेटले तर झाकण टाकून हवा तोडावी. जळत्या मेणावर पाणी कधीही टाकू नये, भडका उडतो. हे काम मुलांच्या गैरहजेरीत करावे.

कापडाचे ६० सेंटीमीटर × ९० सेंटीमीटरचे पंचवीस तुकडे करावेत. प्रत्येक तुकडा पसरट तसराळ्यात बुडवून, कडेला निथळवून दोरीवर टांगावा. निवल्यावर त्याची घडी घालू नये, गुंडाळी करावी. घडीची रेघ पांढरी पडते आणि ती कायम राहते. सांगाड्यावर तुकडे पाच सेंटीमीटर एकमेकांवर चढवून दाभणाने टाके घालावेत आणि जोडावर गरम मेणाचा ब्रश फिरवावा. ब्रश जनावराच्या केसांचा घ्यावा. प्लास्टिकचे केस मेणात वाकडे होतात. खालचा तुकडा आधी, वरचा नंतर, कौले लावतात तसे, म्हणजे पाणी आत येत नाही.

आत दिवा नको. मेणात मुरलेले मांजरपाट स्वतःच उजेड पाझरवते. बाहेर उभ्या माणसाला आतल्याची सावली हलताना दिसते, पण चेहरा दिसत नाही. दाराची कडी वाजवणाऱ्याला हेच हवे असते.

> सावध: उद्घाटनाला समई, उदबत्ती, फटाके यांतले काहीही या घराच्या आसपास नको. पाहुण्यांनी दीपप्रज्वलन करायचेच असेल तर ते व्यासपीठावर करावे. अग्निशामक नळकांडे उघड्या मागच्या बाजूला, सहज हाताला येईल असे ठेवावे. आत एका वेळी फार तर चार माणसे: दार उघडणारी दोन आणि आत येणारी दोन.

टप्पा ९: रंगीत तालीम आणि रोजची कामे

खुले करण्याच्या दोन दिवस आधी पूर्ण दिवसाची तालीम घ्यावी, अर्ध्या तासाची नव्हे. दुपारचे ऊन, सोळाव्या सरीनंतरचा चिखल आणि संध्याकाळची रांग या गोष्टी अर्ध्या तासात दिसत नाहीत. तालमीत दोन स्वयंसेवक लागतात. पहिला सकाळी सर्वांत आधी आत बसतो, कारण पहिल्या काऊसाठी आत चिऊ कोणीतरी हवीच. दुसरा मागच्या बाजूला उभा राहतो आणि दोरी सोडायला तयार नसलेल्यांना बाहेर काढतो.

असे लोक निघतात. पाचही उत्तरे संपली तरी सहावे, सातवे आपल्या मनाने जोडणारी मुले असतात ("थांब, बाळाचा अभ्यास घेते"), आणि मोठी माणसे तर आपल्या ओळखीचे कोणी बाहेर आहे असे कळले की मुद्दाम ताणतात. स्वयंसेवकाने तीन मिनिटांपर्यंत मध्ये पडू नये. बाहेर एखादे अगदी लहान मूल रडायला लागले तर मात्र लगेच दार उघडावे.

सूचनाफलकावर गोष्ट लिहू नये. "कडी वाजवा" एवढे दोनच शब्द दाराबाहेर पुरतात, आणि आत दोरीशी "आता तुम्ही चिऊ".

रोज सकाळची कामे ठरलेली असावीत: जुनी फळी काढणे, नवी बसवणे, ड्रम भरणे, पंपाची चाळणी धुणे, काथ्याचे जोड हाताने तपासणे, अडसर दहा वेळा उचलून बघणे, वळचणीखालचा चिखल झाडून तिथे पोते अंथरणे. शेवटचे काम सर्वाधिक विसरले जाते आणि पहिला माणूस घसरतो तो तिथेच.

टप्पा १०: उतरवणे

मेणाचे कापड सकाळच्या गारव्यात उतरवावे. दुपारी उतरवले तर तुकडे एकमेकांना चिकटतात. मध्ये वर्तमानपत्र घालून गुंडाळ्या करून ठेवल्या तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा वापरता येतात. पातेल्यात उरलेले मेण मोरीत ओतू नये. ते नळीत गोठते आणि शाळेचे मोरीचे काम आपल्या खर्चाने करून द्यावे लागते. ते थंड करून वडी पाडून ठेवावी. शेणाच्या भिंती फोडून, पाणी मारून बागेत पसराव्यात, कुडाच्या काठ्या वाळवून ज्याच्याकडून आणल्या त्याला हव्या असतील तर परत द्याव्यात. दार तेवढे मोडू नये. बिजागऱ्यांना तेल देऊन अडसर आणि दोरीसकट ते आडवे न ठेवता भिंतीला टेकवून उभे ठेवावे, म्हणजे फळी वाकत नाही.